खंडेनवमीची औजारं

खंडेनवमी आठवड्यावर आली होती, दुकानात लोकांच्या मशिनांची रास पडली होती, आणि नेमका तोच मुहूर्त साधून सिद्धारामनं बायकोचा हात मोडला.

बायकोला मारणारा घाटनांदूरात तो काही एकटाच नव्हता. पण दुभत्या म्हशीच्या पायावर कुऱ्हाड घालणारा शहाणा मात्र त्या गावात तोच निघाला. स्टेशन रोडवरचं ते शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान ज्या हातावर चालत होतं, तो हात शिवकांताचा होता. ही गोष्ट नवराबायको दोघांनाच ठाऊक होती, आणि सिद्धाराम ती विसरायची फार खटपट करत असे.

दुकानाच्या बोर्डावर 'शिवलिंगप्पा अँड सन' असं रंगवलेलं होतं. शिवलिंगप्पा म्हणजे सिद्धारामचा बाप. निजामाच्या काळात हैदराबादेत काम शिकून आलेला, तोंडानं तिखट आणि हातानं हलका माणूस. त्यानं आधी मुलालाच शिकवून पाहिलं. मुलाचा हात जड. स्क्रू पिळायला बसला की आटे घालवायचा, आणि आटे गेले की मशीनला शिव्या द्यायचा. पुढं म्हाताऱ्याचे डोळे गेले तेव्हा त्यानं सुनेला जवळ बसवलं. "म्या सांगतो, तू बघ," म्हणाला. तो सांगत गेला, ती बघत गेली, आणि म्हातारा देह ठेवून लिंगैक्य होईतो सुनेची बोटं डोळे मिटूनही मशीनच्या पोटात फिरायला लागली होती. बोर्ड काही बदलला नाही. सुनेचं नाव बोर्डावर रंगवायची रीत कुठल्या गावात आहे?

मग घडी अशी बसली की पुढं गादीवर सिद्धाराम, मागं पडद्याआड शिवकांता. गिऱ्हाईक आलं की हा मशीनचं चाक फिरवायचा, कान लावायचा, डॉक्टरसारखी मान हलवायचा आणि "लई काम हाय ह्येच्यात" म्हणून मशीन आत सरकवायचा. बाकीचं सगळं आत व्हायचं.

त्या वर्षांत अंबाजोगाईला तयार कपड्यांची काचेची दुकानं निघाली होती, गावात केबल आली होती, मोटरवर चालणारी हलकी मशिनं घरोघर शिरत होती. जुन्या लोखंडी मशिनांचे सुटे भाग यायचे बंद झाले. आसपासच्या मिस्त्र्यांनी पाना-पक्कड गुंडाळून एसटीडीचे बूथ टाकले. त्यामुळं पार गेवराईपासून युसूफ वडगावपर्यंत ज्या घरात काळं, सोनेरी नक्षीचं जुनं धूड होतं, ते बिघडलं की एसटीच्या टपावर चढून घाटनांदूरलाच यायला लागलं. येणारी जास्त, होणारी कमी, आणि दसरा जवळ आला की मग तर विचारायलाच नको.

कारण खंडेनवमीला औजारं पुजायची असतात. नांगर, विळे, तराजू, तसंच शिलाई मशीनही. त्या दिवशी आपलं औजार परक्याच्या दारात राहू नये, आणि बंद पडलेलं औजार तर मुळीच पुजू नये. पुजलं तर वर्षभर घरातली कामं अडतात, असा त्या मुलखातला पक्का समज. शिवाय एकदा हळद-कुंकू लागलं की दसरा होईतो औजार उचलायचं नाही. म्हणून प्रत्येकाला आपलं मशीन नवमीच्या आधी घरी हवं होतं, आणि चालू होऊन हवं होतं.

हात मोडला त्या दिवशी सिद्धाराम चहाला हॉटेलात गेला होता. तिथं युसूफ वडगावचा हरिबा शिंपी बसला होता. हरिबाला जिभेचा भारी सोस. तो भर हॉटेलात म्हणाला, "सिद्धाराम नुसता गादीचा धनी हाय. गुन वहिनीच्या हाताला. म्या पडदा हालताना बघितलाय." हॉटेल हसलं. सिद्धारामही हसला. मग बशीतला चहा तसाच टाकून उठला आणि तडक दुकानात आला.

शिवकांता तेव्हा कडूबाईचं मशीन घेऊन बसली होती. कडूबाई वडगावची विधवा, लोकांचे झंपर शिवून पोट भरणारी. मशीनच्या वरच्या लोखंडी धुडाला दुकानात मुंडकं म्हणत. ते बिजागरीवर मागं उलथं करायचं, खाली लाकडी खुंटी लावून टेकवायचं आणि मग पोटात हात घालायचा. शिवकांताचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता.

"हाटेलात लोकं हसायलेत माझ्यावर," सिद्धाराम म्हणाला.

"कावून?"

"तुलाच ठावं. कुनाला सांगितलंस?"

"म्या कावून सांगू? कुनाला बी न्हाई सांगितलं."

त्यानं तिच्या कानफटात मारली. तिनं हात बाहेर काढला नाही. बोटांच्या चिमटीत एक बारीक स्प्रिंग धरलेली होती. सुटली असती तर सापडली नसती, आणि तसली स्प्रिंग आता हैदराबादेतही मिळत नव्हती. तो दुसऱ्यांदा मारील, मग थांबेल, असा तिचा रोजचा हिशेब होता. त्यानं मारलं नाही. त्यानं पाय उचलला आणि खुंटी लाथाडली.

मुंडकं पडलं. आवाज फार मोठा झाला नाही. ओलं लाकूड मोडावं तसा झाला. शिवकांताला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिची किंकाळी स्टेशनापर्यंत गेली. हॉटेलातली माणसं धावत आली. सिद्धाराम त्यांना म्हणाला, "मशीन पडलं वो हातावर." त्यात शब्दही खोटा नव्हता.

वडगावच्या आश्रुबा हाडवैद्यानं हात चाचपला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "अंगठा वाचतोय. ही दोन बोटं मातर आता वाकायची न्हाईत." तिला मार खायची सवय होती, पाठीवरचे वळ जातात, ओठ भरून येतो. पण ही बोटं म्हणजे तिचं सगळं काही होतं. सासऱ्यानं दिलेलं, नवऱ्याला न जमलेलं, तिचं एकटीचं. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून रडली. शेजारी सिद्धाराम रुमालानं तोंड पुसत बसला होता.

आणि मग गादीचा धनी कामाला बसला. पडदा ओढून घेतला, पेचकस हातात धरला आणि लोकांच्या मशिनांचे हाल सुरू केले. शिवकांता आतल्या खोलीत पडून ऐकत होती. स्क्रूचे आटे गेल्याचा आवाज तिला लांबूनही कळायचा. सुई मोडल्याचा, पट्टा तुटल्याचा, शटलवर हातोडी घातल्याचा. शटल म्हणजे मशीनच्या पोटात फिरणारी दोऱ्याची होडी. तिच्यावर हातोडी म्हणजे बाळाच्या टाळूवर हातोडी. दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला.

"टाका का सुटायलाय? सांग की."

"हात दुखायलाय माझा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. बोर्डावर नाव ज्याचं, त्यानंच निस्तरावं, असं तिच्या मनानं घेतलं. त्यानं ताट भिरकावलं, भिंतीवर वरणाचा ओघळ आला, तरी ती तोंडातून शब्द काढेना.

रास वाढतच गेली. लोक येऊन शिव्या देऊन जाऊ लागले. त्यात एक मशीन विजयसिंहांच्या घरचं होतं. विजयसिंह म्हणजे त्या भागातले मोठे जमीनदार. तीन गावांचं राजकारण त्यांच्या ओट्यावर शिजायचं. माणूस हसून बोलायचा आणि हसतच मारायचा. जिल्हा परिषदेला उभं राहायचं घाटत होतं. त्यांची आई वच्छलाबाई दरवर्षी नवमीच्या आधी त्या मशीनवर स्वतः लाल खण शिवायच्या आणि तो देवीला जायचा. निवडणुकीच्या वर्षी घरातलं औजार बंद, म्हणजे अपशकुनच. दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा सिद्धारामनं "उद्या" म्हणून सांगितलं.

अष्टमीच्या दुपारी जीप दुकानासमोर उभी राहिली. वच्छलाबाई जीपमध्येच बसून होत्या. विजयसिंह दोन गडी घेऊन आत आले, मशीन समोर ठेवायला लावलं आणि कापडाचा तुकडा घालून पायडल मारलं. खाली दोऱ्याचा गुंता झाला, कापड अडकलं, चाक जाम झालं.

"काय बे," ते हसून म्हणाले, "ह्येला रिपेर म्हनतेत का?"

"मालक, पार्ट मिळंना. उद्या सकाळी..."

"उद्या नवमी हाय, भडव्या."

पहिली लाथ बाकड्याला बसली. खुंटीचे दोन तुकडे झाले. दुसरी सिद्धारामच्या पोटात बसली. गड्यांनी त्याला पालथा पाडला. विजयसिंहांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला चामड्याचा पट्टा काढला, मशीनचं चाक फिरवतो तो, आणि तो हाताला गुंडाळून त्याच्या पाठीवर ओढायला सुरुवात केली. सदरा फाटला. मग कातडी फाटली. सिद्धाराम ओरडत होता, पाया पडत होता, उद्या देतो, परवा देतो म्हणत होता. पण मला येत नाही, हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात. माणसाचा जीव जातो पण ताठा जात नाही, तो असा.

शिवकांता पडद्याला धरून उभी होती. तिला बरं वाटत होतं. लपवायचं कशाला? पट्टा पडत होता तसतसा तिच्या मोडक्या हाताचा ठणका कमी होत होता. बाहेर रस्त्यावर माणसं जमली होती, त्यात हरिबाही होता, आणि एकानंही पाऊल पुढं टाकलं नाही.

मारून मारून विजयसिंहांचा हात दुखला तेव्हा त्यांनी राशीकडं पाहिलं. "ही समदी घान फेका रं भाईर," म्हणाले, आणि सगळ्यांत वरचं मशीन स्वतःच उचलून रस्त्यावर भिरकावलं. बिडाचं, ओतीव लोखंड ते. वाकत नाही, एकदम फुटतं. मान तुटून गटारापाशी पडली. ते कडूबाईचं मशीन होतं. शिवकांतानं जपलेली ती स्प्रिंग त्याच्यातच होती.

गड्यानं दुसरं उचललं आणि शिवकांता ओरडली.

"ठिवा खाली! मशीनला हात लावू नका! रिपेरी म्या करते. ह्येंनी कदीच न्हाई केली. मामंजी गेल्यापासून एक बी मशीन ह्येंच्या हातानं न्हाई झालं."

विजयसिंहांनी तिच्या हाताच्या बांबूच्या पट्ट्यांकडं पाहिलं.

"मंग ह्यो हात?"

"ह्येंनीच मोडला."

गर्दीतून कुणीतरी हसलं. जमिनीवर पडलेल्या सिद्धारामनं डोळे मिटून घेतले. पट्ट्यानं झालं नव्हतं ते त्या हसण्यानं झालं. तेवढ्यात वच्छलाबाई जीपमधून उतरून दारापर्यंत आल्या.

"पोरी, इतकी वर्सं माझं मशीन तूच बरं करीत व्हतीस?"

"व्हय, आक्का."

"मंग आता कसं?"

शिवकांतानं मशीनकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "ह्येंच्या हातानं करते," ती म्हणाली. "उठा. बसा हितं."

गड्यांनी सिद्धारामला उचलून बाकड्यापुढं बसवलं. खुंटी तर मोडलेली. म्हणून शिवकांतानं मुंडकं मागं उलथं केलं आणि डाव्या हातानं तोलून धरलं. "घाला हात आत," म्हणाली.

त्यानं तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग तिच्या तोंडाकडं. घाम आणि रक्त हनुवटीवरून टपकत होतं. सगळ्या रस्त्यादेखत त्यानं उजवा हात मनगटापर्यंत मशीनच्या पोटात घातला.

"शटलच्या दांड्याचा स्क्रू ढिला करा. त्यो न्हाई. त्येच्या मागला. जोर नका लावू."

लोखंड जड होतं आणि शिवकांताचा डावा हात कामाचा नव्हता. दंडाला कंप सुटला, मुंडकं बोटभर खाली आलं. सिद्धारामच्या घशातून कुत्र्यासारखा आवाज निघाला. विजयसिंह पट्टा हातात घेऊन बघत होते. त्यांना सगळं उमगलं आणि त्यांना ते फार आवडलं. ते जवळ वाकून म्हणाले, "सोडा, वहिनी. म्या काय बघितलं न्हाई."

नको म्हणायला कुणी पुढं आलं नाही. वच्छलाबाई नाहीत, हरिबा नाही, हॉटेलवाला नाही. त्या सगळ्यांना तो आवाज ऐकायचा होता. शिवकांतालाही ऐकायचा होता. आठवडाभर रात्री झोपेत तोच आवाज तिच्या कानात वाजला होता, आणि बोटं सैल करायचा तेवढा अवकाश होता. तिनं बोटं सैल केलीसुद्धा. मग तिची नजर राशीवर गेली. एवढी मशिनं, एवढ्या घरांची, उद्या नवमी, आणि दुकानात चालतील असे हात दोनच. ते कुणाचे आहेत याचा तिला भयंकर राग आला. पण होते ते तेवढेच होते.

तिनं पकड आवळली.

"जरा उजवीकडं घ्या," ती म्हणाली. "आनखी. आता चाक फिरवा. सुईच्या खाचंला शटलचं टोक लागलं का?"

"लागलं," तो रडत म्हणाला.

"मंग आवळा. हळू. बास. काढा हात."

त्यानं हात काढला आणि छातीशी धरला. तिनं मुंडकं अलगद खाली टेकवलं. वच्छलाबाईंनी पिशवीतला लाल खण काढला, स्वतः पायडलवर पाय ठेवला. टाका एका ओळीत, सरळ पडत गेला.

मशीन जीपमध्ये चढलं. जाताना विजयसिंहांनी तो पट्टा शिवकांताच्या पुढं टाकला. "ह्यो ठिवा जवळ. लागंल तुमाला." ते पुन्हा हसले. शिवकांतानं पट्टा उचलला, पदरानं रक्त पुसलं आणि पुढच्या मशीनच्या चाकावर चढवला.

"दुसरं घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

त्या संध्याकाळपासून नवमीच्या पूजेची वेळ होईपर्यंत ती दोघं बाकड्यावरून उठली नाहीत. नवी खुंटी करायला सुताराचं दुकान दोन घरांवर होतं. शिवकांतानं ती करून आणली नाही. प्रत्येक मुंडकं तिनं डाव्या हातानं धरलं, आणि प्रत्येक वेळी सिद्धारामनं हात आत घालायच्या आधी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. ती बघायची नाही. नुसतं सांगायची: डावीकडं, वर, हळू. लोक येत होते, आपलं मशीन चालवून बघत होते आणि मुकाट्यानं घेऊन जात होते. कडूबाई फुटक्या मशीनपाशी बसून रडायला लागली तेव्हा शिवकांतानं आतल्या खोलीतलं शिवलिंगप्पाचं स्वतःचं मशीन बाहेर काढून तिच्यापुढं ठेवलं.

शेवटचं मशीन गेलं. दुकान रिकामं झालं. शिवकांतानं भिंतीशी पाट मांडला, त्यावर सासऱ्याच्या हातची औजारं ओळीनं ठेवली: पाना, पक्कड, पेचकस, तेलाची बुधली. डाव्या हातानं विभूतीचे पट्टे ओढले, हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग सिद्धारामकडं वळली.

"हात पुढं करा."

तो मागं सरकला. पाठ भिंतीला लागली, तसा कळवळला. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले. तिनं ते धरून पाटावर ठेवले, पेचकसाच्या शेजारी. दोन्ही पंजांवर विभूती ओढली, कुंकू लावलं, एकेक फूल ठेवलं.

"ही बी औजारंच हायेत," ती म्हणाली. "तुमी माझी मोडली. आता ह्येंच्यावर म्या भाकर खानार. पुजलेलं औजार दसऱ्यापत्तुर उचलायचं नसतंय, ठावं हाय नव्हं?"

"हाय."

"आन् दसऱ्यानंतर बी मला इचारल्याबिगर उचलायचं न्हाई."

त्यानं मान हलवली. शिवकांतानं नमस्काराला हात जोडले. उजव्या हाताला पट्ट्या होत्या, त्यातली दोन बोटं ताठ बाहेर राहिली. तसाच तिनं नमस्कार केला. मग उठली आणि चहा टाकायला आत गेली.

सिद्धाराम पाटापुढं बसून राहिला. त्याच्या फुटलेल्या ओठावर एक माशी येऊन बसली, तिथून नाकावर गेली, पुन्हा ओठावर आली. त्यानं हात हलवला नाही.